चिकित्सालयाचे दप्तर क्लाउडवर नेताना

आपल्या व्यवसायात संगणक शिरला तो बहुतेक ठिकाणी बिले छापण्याच्या निमित्ताने. ओळखीच्या एखाद्या होतकरू प्रोग्रामरकडून फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक किंवा अ‍ॅक्सेसमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून घ्यावयाचा आणि मग गरजेप्रमाणे त्यात एकेक खिडकी वाढवीत जावयाची, असा तो प्रघात होता. प्रथम बिल आले, मग औषधांचा साठा, पुढे रुग्णाची प्रकृती, नाडी, निदान, दिलेले कल्प आणि पथ्यापथ्य. पाहता पाहता पंधरा-वीस वर्षांचे दप्तर टेबलाखालच्या एका पेटीत जाऊन बसले. ही पेटी जोवर एकाच खोलीत एकाच वैद्याच्या उपयोगी पडत होती, तोवर तक्रारीस जागा नव्हती.

परिस्थिती पालटली ती आपल्याच विस्तारामुळे. आज अनेक वैद्यांचे आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या गावी चिकित्सालय असते. औषधालयाच्या दोन-तीन शाखा असतात. हिशेबनीस घरून काम करतो. एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेदादी पद्धतींच्या व्यावसायिकांसाठी दूरवैद्यक सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, तेव्हापासून दूरध्वनीवर बोलताना रुग्णाचा केसपेपर समोर असणे ही केवळ सोय राहिलेली नाही. एक साधे उदाहरण घेऊ. संधिशूलाच्या रुग्णास सोमवारी एका गावी वातविध्वंस दिला आहे. तोच रुग्ण गुरुवारी प्रतिश्याय-ज्वर घेऊन आपल्या दुसऱ्या चिकित्सालयात येतो आणि तेथील साहाय्यक वैद्य त्रिभुवनकीर्ती लिहून देतात. दोन्ही कल्पांत वत्सनाभ आहे. रुग्ण पहिल्या पुड्यांचे नाव सांगू शकत नाही, आणि ती नोंद मात्र चाळीस किलोमीटर दूरच्या बंद पेटीत आहे. ‘प्रोग्राम क्लाउडवर नेणे’ या विषयाचा विचार आपण या उदाहरणावरून करावा. विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांवरून करू नये.

क्लाउड म्हणजे ढग नव्हे आणि गूढही काही नव्हे. दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या विजेवर चालणारा आणि आपण भाड्याने घेतलेला संगणक, एवढाच त्याचा अर्थ. अशी केंद्रे आता आपल्या जवळच आहेत. मायक्रोसॉफ्टचे पुण्यातील केंद्र २०१५ पासून, अ‍ॅमेझॉनचे मुंबईतील २०१६ पासून आणि गूगलचे मुंबईतीलच २०१७ पासून चालू आहे. तेव्हा नोंदी परदेशी जातील ही भीती केंद्र निवडतानाच दूर करता येते, मात्र ते आपण निवडावे लागते.

प्रोग्राम आणि नोंदी यांची ताटातूट नको

प्रोग्रामचे दोन भाग असतात. पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या हा एक, आणि नोंदी ज्यांत साठतात त्या फायली हा दुसरा. पुष्कळांना असे वाटते, की केवळ नोंदींची फाइल इंटरनेटवर ठेवली आणि प्रोग्राम प्रत्येक संगणकावर बसविला की काम झाले. हा उपाय स्वस्त दिसतो आणि हमखास फसतो. कारण पाहा. फॉक्सप्रो वा अ‍ॅक्सेसचा जुना प्रोग्राम रुग्णाचे एक नाव शोधण्यासाठी त्या फाइलकडे शेकडो लहान विचारणा करतो. अशा २,००० विचारणा धरल्या आणि एकाच खोलीतील जोडणीत प्रत्येकीस अर्धा मिलिसेकंद लागला, तर एका सेकंदात यादी समोर येते. इंटरनेटवरून प्रत्येक विचारणेस ३० मिलिसेकंद लागले, तर त्याच यादीला पूर्ण एक मिनिट लागते. यात जोडणीच्या वेगाचा, म्हणजे दरमहा जादा पैसे देऊन वाढविता येणाऱ्या ‘एमबीपीएस’चा, संबंध फारसा नसतो. अंतरामुळे होणारा प्रत्येक खेपेचा विलंब पैशाने जात नाही.

याहून घातक प्रकार म्हणजे चालू फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवणे. या सेवा पूर्ण झालेल्या कागदपत्रांसाठी उत्तम आहेत. दोन गावी दोन कंपाउंडर एकाच वेळी बिल करू लागले, की एकाच फाइलच्या दोन भिन्न प्रती तयार होतात. कोणती खरी, हे त्या सेवेस कळत नाही. कधी एका गावची सकाळ पुसली जाते, कधी फाइलच मोडते. औषधालयाच्या मालकांस हे बहुधा वर्षअखेरीस, साठा जुळेनासा झाल्यावर कळते.

तेव्हा नियम असा, की प्रोग्राम आणि नोंदी एकाच यंत्रावर, एकमेकांच्या शेजारी राहाव्यात. प्रवास करावा तो फक्त पडद्यावरील चित्राने. दूरच्या सर्व्हरवर विंडोज चालू असते, तेथेच प्रोग्राम उघडतो, तेथेच नोंद होते आणि आपल्यासमोर येते ते केवळ त्याचे दृश्य. कळफलकावरील अक्षरे तिकडे जातात, चित्र इकडे येते. साध्या मजकुराच्या कामाला यासाठी काहीशे किलोबिटांची जोडणीही पुरते. तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलवरील इंटरनेटनेही निभते. या पद्धतीत जुन्या प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

संपूर्ण प्रोग्राम वेब-पद्धतीने नव्याने लिहून घ्यावा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मोठ्या औषधनिर्मात्यांनी तसे जरूर करावे. परंतु एका वैद्याच्या किंवा दोन-तीन शाखांच्या औषधालयाच्या दृष्टीने ती घाई ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ च्या अखेरीस आली व तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला, म्हणून तो प्रोग्राम उद्यापासून चालणारच नाही असे नव्हे. त्यावर आणखी काही वर्षे निघतात आणि तेवढ्या अवधीत नव्या रचनेचा शांतपणे विचार करता येतो. अपवाद डॉसच्या काळातील प्रोग्रामांचा. ते आजच्या ६४-बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत. त्यांची सोय वेगळी करावी लागते.

दार उघडे टाकू नये

चिकित्सालयातील संगणक रात्रंदिवस चालू ठेवून घरून तोच चालविणे ही दुसरी प्रचलित वाट. त्यासाठी दूरनियंत्रणाची तयार साधने मिळतात. अडचण ही, की साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच मनुष्य काम करू शकतो. आपण घरून केसपेपर उघडला, की तेथे बिल करीत बसलेल्या कंपाउंडरचा पडदा आपल्या ताब्यात येतो. शिवाय वीज गेली की सारेच थांबते.

काही हौशी तंत्रज्ञ यावर रिमोट डेस्कटॉपचे दार, म्हणजे ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, थेट इंटरनेटवर उघडून देतात. हे कदापि होऊ देऊ नये. जगभर अशी उघडी दारे यंत्रांकरवी अहोरात्र शोधली जातात आणि पासवर्ड आपोआप चाचपले जातात. मे २०१९ मध्ये याच सेवेत ‘ब्लूकीप’ नावाचा असा गंभीर दोष उघडकीस आला, की आधार केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. आत शिरलेला चोर केवळ नोंदी पळवून थांबत नाही. त्या कुलूपबंद करून खंडणी मागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’सारख्या संस्थेची संगणकव्यवस्था सायबर हल्ल्याने ठप्प झाली आणि कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालापर्यंत सारे कागदावर करावे लागले. आपल्या पेटीला तर पहारेकरीच नसतो.

हीच खबरदारी भाड्याच्या सर्व्हरलाही लागू आहे, कारण तोही इंटरनेटवरच असतो. त्यापुढे व्हीपीएन किंवा गेटवेचा दरवाजा असावा, पासवर्डाशिवाय मोबाइलवरील दुसरी खूण असावी आणि प्रत्येक माणसाचे नाव स्वतंत्र असावे. ‘डॉक्टर’ या एकाच नावाने सर्वांनी शिरण्याची आपल्याकडील रीत येथे चालणार नाही. कंपाउंडरला औषध व मात्रा दिसावी. रुग्णाने खाजगीत सांगितलेला इतिहास दिसण्याचे त्याला कारण नाही. घरच्या संगणकाकडेही दुर्लक्ष नको. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि दूरच्या किल्ल्याची किल्ली अखेर याच यंत्रावर असते.

अक्षरे, तारखा आणि मात्रा

तंत्रज्ञ ज्याकडे बघत नाहीत आणि वैद्याने स्वतः बघावे, असा भाग हा आहे. तो थोडा विस्ताराने सांगतो.

युनिकोडपूर्व काळातील आपल्या प्रोग्रामांत मराठी अक्षर हे खरोखर मराठी अक्षर म्हणून साठविलेले नसते. रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार काढणारा फाँट असे आणि फाइलमध्ये मात्र रोमन चिन्हेच राहत. श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकचे फाँट वापरलेल्यांना हा अनुभव असेल, की फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर अर्थहीन चिन्हांचा दिसतो. नव्या सर्व्हरवर तो फाँट आणि कळफलकाची सोय आधी बसवावी, त्याचा परवाना तेथे चालतो याची खात्री करावी, मगच पुढे जावे. युनिकोडमध्ये रूपांतर करावयाचे असेल, तर ते स्थलांतराबरोबर एकाच वेळी करू नये. दोन शस्त्रकर्मे एकाच दिवशी नकोत. रूपांतरानंतर साधी नावे ठीक उतरतात. जोडाक्षरे आणि रफार मोडतात. भृङ्गराज, शृङ्गभस्म, त्र्यूषण, कुष्ठघ्न, लोध्रासव अशा शब्दांची एक यादी करून ती पडद्यावर व छापील चिठ्ठीवर डोळ्यांनी तपासावी. आपण वापरतो त्या संक्षेपांचेही भय आहे. ‘सु.मा.व.’ आणि ‘ल.मा.व.’ यांत एका अक्षराचा फरक. ते अक्षर चौकोन होऊन छापले गेले, तर सुवर्णमालिनी की लघुमालिनी हे औषध देणाऱ्याने कसे ओळखावे?

तारखांचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. सर्व्हर बहुधा अमेरिकी मांडणीने येतो, तेथे महिना आधी व दिवस नंतर. कंपाउंडरने ०७/०५ असे लिहिले, की ७ मे रोजी कुटलेले चूर्ण ५ जुलैचे म्हणून नोंदले जाते. शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन महिन्यांची सांगितली आहे. येथे तेवढा काळ एका नोंदीत नाहीसा होतो. गंमत म्हणा वा दुर्दैव, पण १२ पुढच्या तारखा बरोबर नोंदल्या जातात, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे वरवर चाळणाऱ्यास सारे ठीक दिसते आणि चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच लपून राहते. लेबलावरील वापराची अंतिम तारीख याच नोंदीवरून छापली जात असेल, तर प्रश्न कायद्याचाही होतो.

घड्याळही तपासावे. पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. दिवसा याचा पत्ता लागत नाही. वमनाच्या दिवशी पहाटे ५ वाजता केलेली नोंद मात्र आदल्या रात्रीच्या ११.३० ची म्हणून पडते आणि पंचकर्माच्या पत्रकात प्रधानकर्म एक दिवस आधी झालेले दिसते.

मात्रेच्या रकान्यात कित्येक जुन्या प्रोग्रामांत केवळ आकडा असतो. एकक वैद्याच्या मनात. ‘२’ म्हणजे २ गुंजा, अर्थात २५० मिलिग्रॅम, हे आपणांस व आपल्या जुन्या मदतनिसास ठाऊक असते. दुसऱ्या गावच्या नव्या साहाय्यकास तो आकडा २ गोळ्यांचा वाटू शकतो. जोवर दप्तर एका खोलीत होते तोवर हा अर्थ तोंडी चालला. आता दूरची माणसे तेच वाचणार असल्याने एकक लिहिलेले असलेच पाहिजे. स्थलांतरापूर्वी किमान रसौषधींपुरते, आणि अनुसूची ‘इ-१’ मधील वत्सनाभ, कुपीलु, भल्लातकादी द्रव्ये असलेल्या कल्पांपुरते, हे काम वैद्याने स्वतः बसून पुरे करावे. याला दोन रविवार लागतात. कोणताही तंत्रज्ञ ते करू शकणार नाही.

परवाने आणि खर्च

काही प्रोग्राम संगणकाच्या मागे खोचलेल्या यूएसबी कुलपावर चालतात. दूरच्या सर्व्हरला आपण खोचू शकू असे भोक नसते. तेव्हा निर्मात्याकडून पर्यायी परवाना आधी मिळवावा. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोन माणसांना शिरता येते. नेहमीच्या कामासाठी प्रत्येकाचा वेगळा रिमोट डेस्कटॉप परवाना लागतो. तो न घेताही १२० दिवस सवलतीचे मिळतात आणि सारे सुरळीत चालते. मग एका सकाळी कोणासही शिरता येत नाही. बसवून देणारा तोपर्यंत पैसे घेऊन गेलेला असतो, म्हणून परवान्याचे बिल प्रथम मागावे.

भाडे ताशी असते. सकाळी ४ व सायंकाळी ४ तास धरून महिन्याचे २६ दिवस काम केले, तर ७२० पैकी २०८ तासच सर्व्हर लागतो. रात्री तो थांबविला तर खर्च बराच उतरतो. परंतु विंडोजमधून ‘शट डाउन’ केल्याने भाडे थांबतेच असे नाही. काही सेवांत तो सेवादात्याच्या पानावरून मुक्त करावा लागतो, आणि साठवणुकीचे भाडे तरीही चालूच राहते. छापण्याच्या बाबतीत जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर थोडे हट्टीपणा करतात. बिलाची रुंदी व लेबलाची जागा प्रत्यक्ष छापून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

किल्ली कोणाच्या हाती

एका औषधालयाच्या मालकांनी मला त्यांचा अनुभव सांगितला. सेवा पुरविणाऱ्याशी दरवाढीवरून मतभेद झाला आणि सोडून जाऊ म्हटल्यावर नोंदी परत देण्यास महिनोन्‌महिने टाळाटाळ झाली, कारण सर्व्हरचे मुख्य खाते त्या पुरवठादाराच्याच नावावर होते. व्यवहार सुरू होण्यापूर्वी हे खाते वैद्याच्या किंवा औषधालयाच्या नावे, त्यांच्या ईमेलवर आणि त्यांच्या पैशाने उघडावे. तंत्रज्ञास कामापुरता प्रवेश द्यावा. नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती मोबदल्यात परत मिळतील, हे करारात लिहून घ्यावे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतांश बंधने १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होण्याची तरतूद त्यांत आहे. रुग्णाची माहिती आपण दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवली, तरी तिची जबाबदारी कायद्याने आपलीच राहते, हे त्यातील आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कलम. जी औषधालये कंपनी म्हणून नोंदलेली आहेत, त्यांच्या हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांची प्रत भारतातीलच सर्व्हरवर रोजच्या रोज राहिली पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची खूण ठेवणारे सॉफ्टवेअर कंपन्यांस बंधनकारक झाले आहे. जुना फॉक्सप्रो प्रोग्राम यातील दुसऱ्या अटीत बहुधा बसत नाही. अशा कंपन्यांनी हिशेब वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवावा.

क्लाउडवर ठेवले म्हणजे बॅकअप झाला, हा समज मी अनेक विद्वानांच्या तोंडून ऐकला आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे एक केंद्र आगीत भस्मसात झाले. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती, त्यांचे सर्व गेले. नोंदींच्या तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, पैकी एक निराळ्या जागी, हा जुना दंडक अजूनही उपयोगी आहे. आठवड्यातून एकदा एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून घरी न्यावी. खंडणीखोरास जोडलेल्या डिस्काही कुलूपबंद करता येतात. कपाटातील डिस्कला तो पोहोचत नाही. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून प्रोग्राम खरोखर उभा राहतो का, हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. परत न उघडलेली प्रत ही तोंड न उघडलेल्या बरणीतल्या आसवासारखी असते. संधान नीट झाले आहे की आत आंबटशोक, हे बाहेरून कळत नाही.

प्रत्यक्ष बदल करताना मार्च-एप्रिल आणि शरदातील गर्दी टाळावी. माझ्या चिकित्सालयात आम्ही पूर्ण एक महिना दोन्हीकडे नोंद ठेवली आणि रोज रात्री तीनच आकडे ताडून पाहिले: दिवसाचे रुग्ण, जमा रक्कम आणि दहा निवडक कल्पांचा साठा. मदतनीस कुरकुरले, पण वर उल्लेखिलेला तारखांचा घोळ आमच्याकडे याच ताडणीत पहिल्या आठवड्यात पकडला गेला. जोडणी तुटण्याच्या प्रसंगासाठी दुसऱ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट व कोऱ्या केसपेपरांचा एक गठ्ठा टेबलावर असावा. कागदावर लिहिलेले त्याच सायंकाळी संगणकात चढविण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे.

जुना संगणक लगेच मोडीत काढू नये. इंटरनेटपासून तोडून तो निदान एक आर्थिक वर्ष तसाच ठेवावा, म्हणजे जुन्या नोंदीविषयी शंका आल्यास मूळ पाहता येते. पुढे तो विकावयाचा झाला, तर हार्ड डिस्क काढून घेऊन मगच विकावा. भंगारवाला त्या डिस्कचे फारसे पैसे देत नाही, पण तीत पंधरा वर्षांचे रुग्ण नावानिशी असतात.